ऑटिझमचं निदान झालं, मूल आता मोठं होतंय: मदतीची सूत्रं त्याच्या हाती कशी द्यायची

माझ्या मुलाला ऑटिझमचं निदान मिळालं तेव्हा तो १७ वर्षांचा होता. रिपोर्ट १४ पानांचा. शेवटच्या पानावर शिफारशी, आणि त्यातल्या जवळजवळ सगळ्या शाळेसाठी: पुढच्या बाकावर बसवा, परीक्षेत जादा वेळ द्या, सूचना लेखी द्या. शाळा तीन महिन्यांत संपणार होती. मी तो रिपोर्ट फोल्डरमध्ये घातला आणि माझ्या कपाटात ठेवून दिला. आठवड्याभराने त्याने दारात उभं राहून विचारलं, "तो रिपोर्ट माझा आहे की तुम्हा दोघांचा?"

त्या दिवशी मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. पण पुढच्या पाच वर्षांत आम्ही जे काही शिकलो, ते सगळं त्या प्रश्नाशी येऊन थांबतं. मूल लहान असतं तोवर डॉक्टर, थेरपिस्ट, शिक्षक सगळे आईवडिलांशी बोलतात. अठरावं सरलं की ही माणसं एकेक करून बाजूला होतात. मग घरच्यांना दोनच वाटा दिसतात. एक तर सगळं आपणच धरून ठेवायचं, नाहीतर "आता मोठा झालास, तुझं तू बघ" म्हणून हात काढून घ्यायचा. दोन्ही वाटांनी गेलेली घरं मी जवळून पाहिली आहेत आणि दोन्हीकडे मुलं पार थकलेली दिसली. आम्हाला तिसरी वाट लागू पडली. मदत हवी तितकी आणि हवी तितकी वर्षं चालू ठेवायची, पण ती मागायची कशी, नाकारायची कधी आणि बदलायची कोणती, हे ठरवणं थोडं थोडं करून मुलाकडे द्यायचं. पुढे जे लिहिलंय ते साधारण त्याच क्रमाने आहे.

शब्दाबद्दल एक खुलासा. मराठीत 'स्वमग्नता' हा शब्द रूढ आहे. माझा मुलगा म्हणतो, "मी स्वतःत मग्न कुठे असतो? मला तर बाहेरचं सगळं एकदम ऐकू येत असतं." म्हणून मी ऑटिझम आणि ऑटिस्टिक हेच शब्द वापरते.

पहिली पायरी: रिपोर्ट ज्याचा त्याला द्या

निदान उशिरा झालेलं असो वा लहानपणीच, तरुण मुलाला ते त्याच्या भाषेत समजलेलं असतंच असं नाही. कित्येक घरांत 'तुला थोडा त्रास आहे' एवढ्यावरच वर्षं निघून जातात. मग मूल स्वतःचं स्वतः निदान करतं: मी मठ्ठ आहे, मी आळशी आहे, माझ्यात काहीतरी खोट आहे. खरं नाव कळणं यापेक्षा केव्हाही बरं.

आम्ही रिपोर्ट तीन बैठकांत वाचला, प्रत्येक वेळी जास्तीत जास्त अर्धा तास. पहिल्या बैठकीत फक्त त्याला काय चांगलं जमतं तो भाग वाचला. दुसऱ्यांदा अडचणींचा. तिसऱ्यांदा त्याने स्वतः पेन्सिलने खुणा केल्या: हे बरोबर, हे चूक, हे आईने सांगितलेलं दिसतंय पण माझ्या आतून तसं नव्हतं. या तिसऱ्या बैठकीतून आम्हाला जे कळलं ते तपासणीच्या चार तासांत कुणालाच कळलं नव्हतं. शाळेत तो 'शांत आणि समजूतदार' म्हणून नावाजला जायचा. तो शांतपणा म्हणजे दिवसभर स्वतःला आवळून धरणं होतं. याला मास्किंग म्हणतात: इतरांसारखं दिसण्यासाठी आपल्या हालचाली, आवाज, प्रतिक्रिया सतत दाबून ठेवणं. मुलींचं निदान अनेकदा उशिरा होतं, त्यामागेही हे एक मोठं कारण आहे.

रिपोर्टातले काही शब्द घाबरवतात, त्यांचा अर्थ नीट समजून घ्या. डीएसएम-५ ही निदानाची नियमावली २०१३ मध्ये आली. तिने अस्पर्जर सिंड्रोम आणि इतर वेगवेगळी नावं एकत्र करून 'ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर' हे एकच निदान ठेवलं आणि त्याला तीन पातळ्या जोडल्या. पातळी १ म्हणजे मदत लागते, २ म्हणजे बरीच मदत लागते, ३ म्हणजे खूपच जास्त. या पातळ्या बुद्धी मोजत नाहीत, आणि दगडावरची रेघही नसतात. संवादासाठी एक आणि ठरावीक सवयी-आवडींसाठी दुसरी, अशा त्या वेगळ्या दिल्या जातात. शिवाय झोप, ताण, आजार यांप्रमाणे गरज बदलते. 'पातळी १ आहे म्हणजे काळजी नाही' हे वाक्य कुणी ऐकवलं तर मनावर घेऊ नका. माझ्या मुलाचीही पातळी १ आहे, आणि बारावीनंतर तो सहा आठवडे खोलीतून बाहेर आला नव्हता.

निदान करणाऱ्यांकडे पुन्हा जाता आलं तर तीन गोष्टी विचारा. सोबत एडीएचडी (लक्ष टिकवायला आणि स्थिर बसायला अडचण), चिंता, नैराश्य, अपस्मार (फिट येणं), झोपेचा त्रास यांपैकी काही आहे का आणि ते तपासलं आहे का? मोठ्यांसाठीच्या सेवांकडे पाठवणारं पत्र मिळेल का? आणि कॉलेज किंवा कामाच्या ठिकाणी दाखवता येईल असा, खासगी तपशील वगळलेला एक पानाचा सारांश देता येईल का? हा सारांश फार उपयोगी पडतो. चौदा पानांचा रिपोर्ट ऑफिसातल्या माणसाच्या हाती देणं म्हणजे मुलाचं सगळं बालपण टेबलावर उघडून ठेवणं.

निदान कळल्यावर मूल सुटल्यासारखं वाटून हसेल, चिडेल, रडेल किंवा काहीच बोलणार नाही. माझा मुलगा चिडला. "हे आधी का नाही कळलं?" याला उत्तर नव्हतं, मी फक्त "खरंय" म्हणाले. समजावण्याची घाई करू नका. आणि नातेवाइकांना काय सांगायचं, सांगायचं की नाही, हे त्याला विचारल्याशिवाय ठरवू नका.

दुसरी पायरी: आधी दम घेऊ द्या, मग शिकवा

निदान हाती आलं की आईवडील कामाला लागतात. स्पीच थेरपी, समुपदेशन, कौशल्य वर्ग, व्यायाम. आम्हीही एका आठवड्यात चार ठिकाणी नावं घातली होती. महिन्याभरात त्याचं बोलणं कमी झालं, अंघोळ टळू लागली, आणि आधी सहज जमणारी बसची वाटही त्याला जमेना.

या अवस्थेला ऑटिस्टिक बर्नआउट म्हणतात. डोरा रेमेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये ऑटिस्टिक प्रौढांशी बोलून त्याची तीन लक्षणं मांडली: न संपणारा थकवा, आधी येत असलेली कौशल्यं हरवणं, आणि आवाज-उजेड-गर्दी सहन करण्याची ताकद घटणं. हे साधारणपणे तीन महिने किंवा त्याहून जास्त चालतं. बाहेरून ते आळसासारखं दिसतं. तेव्हा 'जरा मनावर घे' असं म्हणून वर्ग वाढवले तर मूल आणखी खोल जातं. उपाय उलटा आहे: मागण्या कमी करा, झोप पुरी होऊ द्या, मुखवटा उतरवून बसता येईल अशी जागा आणि वेळ द्या, आवडीच्या विषयात रमू द्या. नैराश्याचीही शक्यता असते, म्हणून डॉक्टरांना दाखवाच.

बर्नआउट नसला तरी कौशल्यं शिकवण्याआधी दोन आठवड्यांची एक साधी वही ठेवा. रोज तीन ओळी पुरतात: आज कशाने शक्ती गेली, कशाने परत आली, आणि संध्याकाळी दहापैकी किती उरली होती. मुलाला लिहायला नको वाटलं तर रंगाचे ठिपके चालतात. आमच्या वहीतून कळलं की कॉलेजचे तास त्याला थकवत नव्हते. दोन तासांमधली पंधरा मिनिटांची मोकळी सुटी थकवत होती, कारण तेव्हा नेमकं काय करायचं हे ठरलेलं नसायचं. आम्ही ती सुटी ग्रंथालयाच्या एका ठरलेल्या खुर्चीला बांधली आणि त्याचा दिवस निभावू लागला.

संवेदनांचाही हिशेब घ्या. कानावरचे हेडफोन, टोपी, शिवण नसलेले कपडे, ट्यूबलाइटऐवजी दिवा, हातात फिरवायला एखादी वस्तू. हे लाड नाहीत. चष्म्याला आपण लाड म्हणत नाही.

तिसरी पायरी: एका पानाची ओळख

हे पान सगळीकडे उपयोगी पडतं: कॉलेजात, दवाखान्यात, नव्या थेरपिस्टकडे, कामावर. ते तरुण मुलाने स्वतःच्या तोंडून, 'मी' म्हणून लिहायचं. तुम्ही टायपिंग करा, वाक्यं त्याची ठेवा. माझ्या मुलाच्या पानावरच्या काही ओळी त्याच्या परवानगीने देते:

"मला एका वेळी एकच प्रश्न विचारा. उत्तर यायला दहा सेकंद लागतात, तोवर प्रश्न बदलू नका. बदलला तर मला पहिल्यापासून सुरू करावं लागतं."

"मी डोळ्यांत बघत नाही तेव्हा मी जास्त नीट ऐकत असतो."

"मी 'ठीक आहे' म्हणालो तर ते बरेचदा संभाषण संपवण्यासाठी असतं. महत्त्वाचं असेल तर मला लिहून विचारा."

"मला हात लावू नका. आगीतून बाहेर काढायचं असेल तर लावा."

शेवटची ओळ वाचून एका नर्सबाई हसल्या आणि मग प्रत्येक वेळी रक्तदाब घेण्याआधी "आता हात धरू का?" असं विचारू लागल्या. एवढंच हवं असतं. पान दर सहा महिन्यांनी बदला, जुन्यावर तारीख घालून ठेवा.

चौथी पायरी: निर्णय वाटून घ्या

ही पायरी सगळ्यांत अवघड आहे आणि मला वाटतं सगळ्यांत महत्त्वाचीही हीच. संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार १३ डिसेंबर २००६ रोजी संमत झाला. त्याचं १२ वं कलम सांगतं की अपंग व्यक्तीला कायद्यापुढे इतरांइतकंच स्थान आहे आणि निर्णय घेताना लागणारा आधार मिळण्याचा हक्क आहे. कलमाचा रोख निर्णय घ्यायला मदत करण्यावर आहे, व्यक्तीऐवजी दुसऱ्याने निर्णय घेऊन टाकण्यावर नाही. म्हणून अठरा पूर्ण होताच पालकत्वाचे कागद, म्हणजे मुलाऐवजी निर्णय घेण्याच्या कायदेशीर अधिकाराचे कागद, करून टाका असा सल्ला कुणी सरसकट दिला तर थांबा. कायदे देशोदेशी वेगळे आहेत. तुमच्याकडे आधार देऊन निर्णय घेण्याचे, फक्त ठरावीक कामापुरत्या अधिकारपत्राचे किंवा फक्त पैशांपुरते मर्यादित मार्ग आहेत का, हे अपंगत्वाच्या कायद्यात काम करणाऱ्या वकिलाला आधी विचारा. एकदा काढून घेतलेला अधिकार परत मिळवणं फार कष्टाचं असतं.

घरातल्या घरात आम्ही एका कागदाचे तीन उभे भाग केले. पहिल्यात 'मी एकट्याने ठरवतो', दुसऱ्यात 'मी विचारून ठरवतो', तिसऱ्यात 'सध्या आईबाबा ठरवतात'. सुरुवातीला तिसरा भाग भरून वाहत होता. दर दोन-तीन महिन्यांनी एखादी गोष्ट डावीकडे सरकवायची, असा नियम केला. केस कधी कापायचे, खोलीचं दार बंद ठेवायचं का, मोबाइलचा प्लॅन कोणता, यापासून सुरुवात झाली. गोष्ट डावीकडे गेली की ती मागे ओढायची नाही, निर्णय चुकला तरी. त्याने चुकीचा हेडफोन घेतला, पैसे गेले, पुढचे दोन महिने जुन्यावर काढले. मला फार वाईट वाटलं होतं, पण मी नवा आणून दिला नाही.

"आमची मुलगी बोलत नाही, ती काय ठरवणार?" असं एका आईने मला विचारलं होतं. तिची मुलगी २० वर्षांची, टॅबलेटवरची चित्रं दाबून संवाद साधते. अंघोळीला रोज आरडाओरडा व्हायचा. मी त्यांच्या घरी बसले होते तेव्हा आईने पहिल्यांदाच टॅबलेटवर दोन चित्रं ठेवली: सूर्य आणि चंद्र. मुलीने बराच वेळ दोन्हींकडे पाहिलं, मग चंद्रावर बोट ठेवलं. पुन्हा ठेवलं. तिसऱ्यांदा आईचा हात धरून त्यावर ठेवला. तेव्हापासून अंघोळ रात्री होते आणि ओरडणं थांबलं. न बोलणाऱ्याला समजत नाही असं धरून चालू नका. बोलण्याला पर्यायी साधनं वापरल्याने उरलंसुरलं बोलणं जाईल ही भीतीही निराधार आहे. ही साधनं विशीतही सुरू करता येतात.

पैशांचं थोडक्यात: स्वतःचं खातं, दर आठवड्याला ठरलेली रक्कम, आणि एक लेखी नियम की फोनवर किंवा मेसेजवर कुणीही पैसे, ओटीपी किंवा फोटो मागितला तर ठरलेल्या दोन माणसांपैकी एकाला विचारल्याखेरीज काही द्यायचं नाही. 'ओळखीच्या लोकांवर विश्वास ठेव, अनोळखी लोकांवर नको' असं मोघम सांगू नका. चार दिवस चॅट केलेला माणूस आमच्या मुलांच्या लेखी ओळखीचाच असतो.

पाचवी पायरी: मोठ्यांच्या दवाखान्यात

बालरोगतज्ज्ञांकडून मोठ्यांच्या डॉक्टरांकडे जाणं एका फेरीत उरकण्यासारखं नसतं. उपचार कसे व्हावेत हे ठरवून देणाऱ्या ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेची २०१३ ची मार्गदर्शक तत्त्वं तर सांगतात की पुढे उपचार लागणार का याचा विचार साधारण चौदाव्या वर्षीच सुरू करावा. उशीर झाला असेल तर किमान जुन्या आणि नव्या डॉक्टरांची एक भेट एकमेकांवर चढलेली ठेवा, म्हणजे जुने सोडण्याआधी नव्यांकडे एकदा जाऊन या. औषधांची यादी, कोणतं का सुरू केलं आणि कोणतं का बंद केलं हे एका कागदावर हवं. 'का बंद केलं' हे हमखास राहून जातं आणि तेच औषध पुन्हा सुरू होतं.

पौगंडावस्थेत ऑटिस्टिक मुलांना पहिल्यांदा फिट येऊ शकते. अचानक टक लावून थांबणं, हातपाय झटकणं, जाग आल्यावर गोंधळणं दिसलं तर 'ऑटिझममुळेच असेल' म्हणून सोडून देऊ नका. दातदुखी, पोटदुखी, बद्धकोष्ठता, मासिक पाळीच्या वेदना यांचंही तसंच. अनेक ऑटिस्टिक लोकांना शरीराच्या आतल्या खुणा, म्हणजे भूक, तहान, लघवीची भावना, वेदना, वेळेवर किंवा नीट जाणवत नाहीत. अशा वेळी 'कुठे दुखतंय?' या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. 'काल जे करत होतास त्यातलं आज काय करता येत नाहीये?' असं विचारलं की उत्तर मिळतं.

भेटीचा सराव घरी करा. दवाखान्याचा फोटो आधी बघून ठेवा, गर्दी कमी असते ती पहिली वेळ मागा, प्रश्न कागदावर लिहून न्या. तपासणीतली पाच मिनिटं तरी तुम्ही खोलीबाहेर थांबा. मला ते पहिल्यांदा जड गेलं. बाहेरच्या बाकावर बसून मी दाराकडेच पाहत होते. आत त्याने डॉक्टरांना सांगितलं की रात्रीच्या गोळीने सकाळी त्याची जीभ जड होते. हे त्याने मला आठ महिने सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं.

आणि एक कळकळीची विनंती. ऑटिझम 'घालवणारं' कोणतंही औषध नाही. चिडचिड, चिंता, झोप, एकाग्रता यांसाठी औषधं असतात आणि गरज असेल तेव्हा ती उपयोगी पडतात. पण शरीरातले धातू काढून टाकण्याच्या नावाखाली केलं जाणारं चिलेशन किंवा ब्लीचसारखी रसायनं पाजणं हे जिवावर बेतू शकतं. थकलेल्या आईबापांना गाठून हे विकलं जातं. त्या दाराशीही जाऊ नका.

सहावी पायरी: रोजची कामं, एका वेळी एक

यादी मोठी असते म्हणून आपण एकदम दहा गोष्टी शिकवायला घेतो. एकच निवडा, आणि ती मुलाला ज्याची गरज वाटते ती निवडा. माझ्या मुलाने कपडे धुणं निवडलं, कारण मी धुतलेल्या कपड्यांचा वास त्याला सहन होत नव्हता आणि हे त्याने सांगेपर्यंत मला ठाऊक नव्हतं.

आम्ही कामाचे ११ तुकडे केले, प्रत्येकाचा फोटो काढला आणि मशीनच्या वर चिकटवला. चित्रांनी आणि ठरलेल्या मांडणीने काम दाखवण्याची ही रीत एरिक शॉप्लर यांनी नॉर्थ कॅरोलायनात १९७२ मध्ये सुरू झालेल्या टीच कार्यक्रमातून जगभर नेली. मोठ्या वयातही ती तितकीच चालते, फक्त चित्रं बाळबोध नसावीत. शिकवताना शेवटचा तुकडा आधी शिकवला: सुरुवातीला सगळं मी करायचे आणि घड्या घालून कपाटात ठेवणं तेवढं त्याने. मग शेवटचे दोन, मग तीन. असं केल्याने प्रत्येक वेळी काम पुरं होण्याचं समाधान त्याच्या वाट्याला येतं.

नवव्या तुकड्यावर गाडी अडली. 'कपडे वाळले का बघ.' तो दोरीपाशी उभा राहायचा, एकाच शर्टाची बाही चिमटीत धरून. दोन मिनिटं, पाच मिनिटं. मी दुसऱ्या खोलीतून बघत होते आणि मला वाटत होतं की तो स्वप्नात आहे. विचारलं तेव्हा म्हणाला, "गार आहे की ओलं आहे, हे मला हाताने कळत नाही." आळस नव्हता, दुर्लक्ष नव्हतं. हाताला फरक कळत नव्हता. आम्ही तो तुकडा बदलून 'वाळत घातल्यापासून पुढच्या दिवशी त्याच वेळेला काढ' असा केला. पाऊस असेल तर दोन दिवस. तेव्हापासून कपडे तोच धुतो. मूल कुठे अडतंय ते दिसलं की बहुतेक वेळा मूल बदलावं लागत नाही, पायरी बदलून भागतं.

काम येत असूनही सुरू करता न येणं हे वेगळं. तिथे ओरडून उपयोग होत नाही. त्याच खोलीत तुम्ही तुमचं काहीतरी काम करत बसा. शेजारी कुणी असलं की सुरुवात होते.

सातवी पायरी: शिक्षण आणि नोकरी

'काय आवडतं' एवढ्यावर काम निवडू नका. कामाची जागा कशी आहे, आवाज किती, सूचना कोण देतं, बदल किती वेळा होतात, हेही पाहा. डेन्मार्कमध्ये थॉर्किल सोन्ने यांनी त्यांच्या ऑटिस्टिक मुलाकडे पाहून २००४ मध्ये स्पेशलिस्टर्न ही कंपनी काढली आणि सॉफ्टवेअर तपासणीच्या कामात ऑटिस्टिक माणसं घेतली. त्यामुळे बऱ्याच दारांच्या कड्या निघाल्या, पण 'ऑटिस्टिक म्हणजे कॉम्प्युटरचा किडा' असाही समज पसरला. ऑटिस्टिक माणसं प्राण्यांसोबत, ग्रंथालयात, बागेत, कारखान्यात, वर्गात शिकवताना, सगळीकडे काम करतात.

नोकरीआधी दोन-चार आठवड्यांची चाचणी मिळाली तर मुलाखतीपेक्षा ती चांगली. 'तुमच्याबद्दल सांगा' या प्रश्नाने चांगली मुलं गारद होतात. मुलाखतीचे प्रश्न आधी लेखी मागता येतात, मागा. कामावर लागणाऱ्या सोयी बहुधा बिनखर्चाच्या असतात: लेखी सूचना, बदलाची आदल्या दिवशी कल्पना, भिंतीकडची जागा, प्रश्न विचारायला एक ठरलेला माणूस. निदान कामावर सांगायचं की नाही हा निर्णय मुलाचा आहे. निदान न सांगता 'मला सूचना लेखी मिळाल्या तर काम नीट होतं' एवढंच सांगणं हाही मार्ग आहे. पूर्ण वेळ झेपत नसेल तर अर्धवेळ हीसुद्धा नोकरीच आहे.

सहकाऱ्यांशी खटके उडतील. तेव्हा डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक समाजशास्त्रज्ञाने २०१२ मध्ये मांडलेला विचार मला धीर देतो: गैरसमज दोन्हीकडून असतो. ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन वाचता येत नाही तसं इतरांनाही त्याचं वाचता येत नाही. मग सगळं शिकण्याचा भार एकट्या आपल्या मुलाने का वाहायचा?

आठवी पायरी: शरीर, प्रेम, सुरक्षितता

हा विषय टाळला जातो आणि मग मूल तो इंटरनेटवरून शिकतं. सूचक भाषा वापरू नका. अवयवांची खरी नावं, खासगी जागा कोणती, संमती म्हणजे काय, 'नाही' कसं म्हणायचं आणि समोरच्याचं 'नाही' न बोलता कसं दिसतं, हे सगळं सरळ वाक्यांत सांगा, गरज पडली तर चित्रांसह. लहानपणापासून 'सांगितलं ते ऐक' एवढंच शिकवलेल्या मुलाला कुणीही फसवू शकतं. म्हणून आधी घरात 'नाही' म्हणायला जागा द्या. समलिंगी किंवा आपल्या लिंगओळखीबद्दल वेगळं वाटणारे तरुण ऑटिस्टिक लोकांमध्ये तुलनेने जास्त आढळतात. तसं मुलाने सांगितलं तर 'ऑटिझममुळे गोंधळलाय' असं म्हणून झटकू नका.

इतर ऑटिस्टिक तरुणांशी ओळख होऊ द्या. माझा मुलगा अशा एका गटातून पहिल्यांदा घरी आला तेव्हा म्हणाला, "तिथे कुणी मला 'काय झालं' असं विचारलं नाही."

नववी पायरी: वाईट दिवसाचा कागद

हा चांगल्या दिवशी लिहायचा. मेल्टडाउन म्हणजे आतलं सगळं उतू जाणं: ओरडणं, फेकणं, रडणं. शटडाउन म्हणजे उलट, सगळं बंद पडणं: बोलणं थांबतं, माणूस गोठतो. दोन्ही नाटक नाही आणि दोन्हींत उपदेश ऐकू येत नाही. कागदावर लिहा: आधी कोणती खूण दिसते, तेव्हा काय बंद करायचं (दिवे, आवाज, प्रश्न), कोण थांबेल, कोण बाहेर जाईल, नंतर किती वेळ कुणी काही विचारायचं नाही.

ऑटिस्टिक तरुणांमध्ये आत्महत्येचे विचार इतरांपेक्षा जास्त आढळतात, विशेषतः जे वर्षानुवर्षं मास्किंग करतात त्यांच्यात. चेहरा निर्विकार असला तरी आत काय आहे ते कळत नाही. शंका आली तर स्पष्ट विचारा: "तुला मरून जावंसं वाटतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर 'हो' असेल तर त्याला एकटं सोडू नका, घातक वस्तू दूर करा, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठा किंवा तातडीच्या सेवेला फोन करा. फोनवर बोलणं जमत नसलेल्या मुलासाठी मेसेजवर चालणारी मदत आधीच शोधून कागदावर लिहून ठेवा.

दहावी पायरी: आपल्यानंतर, आणि आपण असतानाही

'आमच्या माघारी काय?' हा प्रश्न प्रत्येक आईबापाच्या उशाशी असतो. एका माणसावर, विशेषतः एका बहिणीवर किंवा भावावर, सगळं टाकू नका. त्यांनाही त्यांचं आयुष्य आहे आणि त्यांना विचारायचंच राहून जातं. चार-पाच माणसांचं कडं बांधा: एक कागदपत्रांसाठी, एक दवाखान्यासाठी, एक नुसतं सोबत फिरायला. कडं कोणाचं असावं हे तरुण मुलाने ठरवायचं. वेगळं राहण्याचा सराव तुम्ही धडधाकट असतानाच एका रात्रीपासून सुरू करा. संकट आल्यावर पहिल्यांदा घर बदलणं कुणालाच झेपत नाही.

रिपोर्ट, एका पानाची ओळख, औषधांची यादी, वाईट दिवसाचा कागद, तीन भागांचा निर्णयांचा कागद, सगळं एका फोल्डरमध्ये ठेवा. दर सहा महिन्यांनी कडं एकत्र बसवा आणि एकेक कागद पुन्हा वाचा. बैठक कधी, कुठे, कोण येणार आणि आधी कशावर बोलायचं, हे मुलाने लिहायचं. त्याला बसवत नसेल तर तो दुसऱ्या खोलीतून मेसेज करू शकतो, आमच्याकडे पहिल्या दोन बैठका अशाच झाल्या.

तो फोल्डर आता त्याच्या कपाटात असतो. गेल्या बैठकीला त्याने पहिला मुद्दा लिहिला होता: 'आईने डॉक्टरांना परस्पर फोन करू नये. आधी मला मेसेज करावा. मी चार तासांत उत्तर देईन.' आम्ही चार तासांचे दोन केले, आणि खाली दोघांनी सह्या केल्या.